रामो ते बर्लिओझ: फ्रेंच संगीताच्या मधल्या 80 वर्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका कोणता काळ?

साधारण 1750 ते 1830. सुरुवातीला दिदरो, रूसो ही ज्ञानकोशकार मंडळी ऑपेरावरून हमरीतुमरीवर आलेली दिसतात. शेवटी, 5 डिसेंबर 1830 ला, 26 वर्षांचा एक्तोर बर्लिओझ आपली 'सिंफनी फँटास्टिक' पहिल्यांदा लोकांपुढे आणतो. मध्ये राजेशाही, क्रांती, दहशतीचं राज्य (1793-94 चे गिलोटिनचे दिवस), नेपोलियन, परत आलेले राजे आणि पुन्हा एक क्रांती.

संगीताच्या इतिहासाची बहुतेक पुस्तकं या टप्प्यावर पॅरिस सोडून व्हिएन्नाची गाडी पकडतात. हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन झाले की थेट बर्लिओझपाशी परत, जणू मधल्या काळात फ्रान्समध्ये कुणी वाद्याला हात लावला नव्हता. श्रेष्ठ रचना व्हिएन्नात झाल्या, यात वाद नाही. पण संगीत शिकवायचं कसं, त्यावर हक्क कुणाचा, मैदानभर पसरलेल्या माणसांना ते ऐकवायचं कसं, या गोष्टी पॅरिसमध्ये घडत होत्या. बर्लिओझचा तो प्रचंड आवाजही आकाशातून पडलेला नाही.

एकाच माणसाच्या आयुष्यातून हा काळ बघायचा असेल तर फ्राँस्वा-जोसेफ गोसेक घ्या. 1751 मध्ये 17 वर्षांचा असताना तो पॅरिसला आला आणि तेव्हाचा आघाडीचा फ्रेंच संगीतकार, म्हाताऱ्या रामोच्या हाताखालच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. 1829 मध्ये तो वारला तेव्हा 95 वर्षांचा होता. पुढच्या उत्तरांमध्ये तो पुन्हा पुन्हा भेटेल.

क्रांतीपूर्वी पॅरिसचे लोक संगीत ऐकायला जात कुठे?

पहिली जागा ऑपेरा, म्हणजे 1669 मध्ये स्थापन झालेली राजाश्रयाची 'अकादमी रोयाल द म्युझिक'. पौराणिक कथा, नृत्यं, यंत्रांवर उतरणारे देव असा सगळा थाट. संपूर्ण गायलेलं फ्रेंच नाटक करायचा मक्ता याच संस्थेकडे होता. दुसऱ्या कुणाला काही करायचं असेल तर तिची परवानगी घ्यायची, बहुतेक वेळा पैसे मोजून.

दुसरी जागा ऑपेरा-कोमिक. जत्रेतल्या तमाशांतून वर आलेला हा प्रकार: संवाद बोललेले, मध्ये मध्ये गाणी, पात्रं शेतकरी, शिपाई, नोकर. 1762 मध्ये तो कोमेदी-इतालिएन या नाटक मंडळीत विलीन झाला आणि त्याला कायमचं घर मिळालं. फिलिदोर, मोंसिन्यी आणि ग्रेत्री हे त्याचे मोठे संगीतकार. यातला फिलिदोर म्हणजे बुद्धिबळातला प्रसिद्ध फिलिदोरच. माणूस एकच.

तिसरी जागा 'काँसेर स्पिरित्युएल'. लेंट आणि ईस्टरसारख्या सणांना ऑपेरा बंद असे. मग त्या दिवशी वाद्यवृंद आणि धार्मिक गायन ठेवलं तर? 1725 मध्ये आन दानिकाँ फिलिदोरने (बुद्धिबळपटूचा सावत्रभाऊ) ही कल्पना उचलली आणि तुइलरी राजवाड्याच्या दालनात तिकीट लावून कार्यक्रम सुरू केले. ते 1790 पर्यंत चालले. पैसे देईल त्याला प्रवेश, निदान तत्त्वतः. युरोपभरचे वादक इथे नाव कमवायला येत.

शिवाय श्रीमंतांच्या हवेल्या होत्याच. करवसुलीच्या मक्त्यावर गबर झालेल्या ला पूप्लिनिएरने तर स्वतःचा वाद्यवृंद पाळला होता. गोसेकची पहिली नोकरी तिथलीच.

'बुफाँ'चा वाद म्हणजे काय? एका विनोदी नाटुकलीवरून एवढं काय पेटलं?

1 ऑगस्ट 1752 ला एका इटालियन मंडळीने ऑपेराच्या रंगमंचावर पेर्गोलेसीची 'ला सेर्वा पाद्रोना' केली. मोलकरीण मालकाला लग्नाच्या जाळ्यात ओढते, एवढीच गोष्ट. हीच नाटुकली 1746 मध्ये पॅरिसच्या दुसऱ्या रंगमंचावर होऊन गेली होती आणि तेव्हा कुणाचीही झोपमोड झाली नव्हती. या वेळी मात्र ती राजाच्या ऑपेराघरात आली. आग लागली ती त्यामुळे.

शहराचे दोन गट पडले. फ्रेंच परंपरेचे पाठीराखे राजाच्या कक्षाखाली जमत, इटालियन शैलीचे चाहते राणीच्या कक्षाखाली. ज्ञानकोशकार बहुतेक राणीच्या बाजूला. दोन वर्षं पत्रकांचा पाऊस पडला. रूसोने 1753 मध्ये जाहीर करून टाकलं की फ्रेंचांना संगीत नाही आणि असूही शकत नाही, कारण त्यांची भाषाच गाण्याला नालायक आहे. ऑपेराच्या वादकांनी त्याचा पुतळा जाळला, असं तो स्वतः सांगतो. गंमत अशी की याच रूसोने वर्षभर आधी 'ल दव्हँ द्यु व्हिलाज' हा फ्रेंच भाषेतला छोटा ऑपेरा लिहिला होता. फोंतेनब्लोला राजापुढे त्याचा प्रयोग झाला आणि पंधरावा लुई दिवसभर त्यातलं गाणं बेसूर गुणगुणत फिरला. राजाने निवृत्तिवेतन देऊ केलं, तर रूसो भेटीला न जाताच निघून गेला. स्वरलिप्यांच्या नकला करून तो पोट भरत असे.

रूसोचा युक्तिवाद संगीतशास्त्र म्हणून कच्चा आहे, आणि रामोने तो नीट सोलूनही काढला. 1755 मध्ये ज्ञानकोशातल्या संगीतविषयक लेखांच्या चुका दाखवणारं पुस्तकच रामोने छापलं. पण हा वाद फक्त सुरांचा नव्हता. राजाची संस्था जे करते त्याला वाईट म्हणायची सोय दुसऱ्या कुठल्या विषयात नव्हती, संगीतात होती. रूसोची बाजू सुरांत हरली आणि रसिकांत जिंकली: साधी चाल, भावनेला सरळ भिडणारी, हीच खरी असं पुढच्या पिढीने मानलं.

मग ग्लुक आणि पिच्चिन्नीचा झगडा वेगळा होता का?

पात्रं बदलली, खेळ तोच. ऑपेराकार ग्लुक व्हिएन्नातून आला. पुढे फ्रान्सची राणी झालेली मारी आंत्वानेत लहानपणी त्याची शिष्या होती, त्यामुळे दारं उघडली. 19 एप्रिल 1774 ला 'इफिजेनी आँ ओलिद' झाली. तिच्यात शोभेच्या ताना गाळल्या होत्या आणि नाट्य पुढे आणलं होतं. फ्रेंच भाषेत गाता येत नाही म्हणणारा रूसो ग्लुकचा चाहता झाला! विरोधकांनी नेपल्सहून संगीतकार पिच्चिन्नीला बोलावलं. त्या बिचाऱ्याला आल्या वेळी फ्रेंच येत नव्हतं. कवी मार्मोंतेल त्याला ओळी शब्दाशब्दाने समजावून देई.

ऑपेराच्या व्यवस्थापनाने दोघांनाही 'इफिजेनी आँ तोरिद' हाच विषय दिला. ग्लुकची 1779 मध्ये आली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. पिच्चिन्नीची 1781 मध्ये आली. दुसऱ्याच प्रयोगाला त्याची नायिका पिऊन रंगमंचावर उतरली, आणि 'ही तोरिदमधली नव्हे, शँपेनमधली इफिजेनी' हा विनोद शहरभर झाला. ग्लुक 1787 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी कार्यक्रम व्हावा अशी सूचना पिच्चिन्नीनेच केली. भांडण चाहत्यांचं होतं.

मोझार्टला पॅरिस का मानवलं नाही?

1778 मध्ये तो 22 वर्षांचा होता, आणि लहानपणी जे शहर 'चमत्कारी मूल' म्हणून त्याच्या मागे धावलं होतं त्याला आता तरुण नोकरी शोधणाऱ्यात रस नव्हता. सरदारघरात तो थंड खोलीत ताटकळत बसे. मग बेसूर पियानोवर वाजवायचं, आणि ऐकणारे आपापली चित्रं काढण्यात दंग. व्हर्सायला ऑर्गनवादकाची जागा मिळत होती, ती त्याने नाकारली. 3 जुलैला त्याची आई पॅरिसमध्येच वारली.

त्याच रात्री वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने आईच्या मृत्यूची बातमी लपवली, फक्त आजारी आहे म्हटलं, आणि काँसेर स्पिरित्युएलमध्ये 18 जूनला झालेल्या आपल्या 'पॅरिस सिंफनी'ची हकीगत सांगितली. त्यातून तेव्हाचे श्रोते डोळ्यांपुढे उभे राहतात. पहिल्या भागात एक जागा त्याने मुद्दाम आवडेल अशी बांधली होती. तिथे वाजवणं चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग पॅरिसमध्ये नेहमी सगळ्या वाद्यांच्या धडाक्याने सुरू होतो हे त्याने हेरलं होतं. म्हणून त्याने फक्त व्हायोलिनवर, हळू सुरुवात केली. लोक 'श्श' करून एकमेकांना गप्प करू लागले, आणि पूर्ण वाद्यवृंद कोसळताच टाळ्यांचा कडकडाट. मग तो खुशीत पालै-रोयालला आइस्क्रीम खायला गेला.

समेवर दाद देणाऱ्या मैफलीच्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. चालू रचनेत हूं की चूं न करण्याचा शिष्टाचार नंतरचा आहे.

शव्हालिए द सेंट-जॉर्ज खरंच 'कृष्णवर्णी मोझार्ट' होता का?

हे बिरुद टाळलेलं बरं. मोझार्ट पॅरिसला नोकरी शोधत होता तेव्हा सेंट-जॉर्ज शहरातल्या सर्वोत्तम वाद्यवृंदांपैकी एकाचा प्रमुख होता.

1745 मध्ये ग्वादलूप बेटावर त्याचा जन्म झाला. वडील फ्रेंच मळेवाले, आई नानों गुलाम. पॅरिसला तो आधी तलवारबाज म्हणून गाजला, मग व्हायोलिनवादक म्हणून. गोसेकने 1769 मध्ये स्थापन केलेल्या 'काँसेर दे आमातर'ची सूत्रं 1773 मध्ये त्याच्याकडे आली. 1776 मध्ये ऑपेराच्या संचालकपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, तेव्हा ऑपेराच्या काही आघाडीच्या गायिका आणि नर्तकींनी राणीकडे अर्ज केला: मिश्र वर्णाच्या माणसाचे हुकूम आम्ही ऐकणार नाही. नेमणूक बारगळली. पुढे क्रांतीत तो कृष्णवर्णी सैनिकांच्या पथकाचा कर्नल झाला, दहशतीच्या काळात तुरुंगातही गेला, आणि 1799 मध्ये वारला. त्याचे व्हायोलिन कंचेर्टो ऐका. डाव्या हाताची उंच सप्तकातली चपळाई आजही वादकांना घाम फोडते.

याच वर्तुळातून, 'लोज ओलिंपिक' या फ्रीमेसनांच्या संस्थेने, हायडनकडे सहा सिंफनी मागितल्या. क्रमांक 82 ते 87, प्रत्येकीला 25 सोन्याचे लुई. हायडनला एस्तेरहाझीच्या दरबारात एवढा मोठा वाद्यवृंद कधी मिळाला नव्हता, आणि ते या सिंफनींत ऐकू येतं.

क्रांती झाल्यावर संगीत बंद पडलं का?

उलट, एवढं संगीत आधी कधीच झालं नव्हतं. फक्त ते दालनातून मैदानात आलं.

14 जुलै 1790 ला शाँ द मार्स मैदानावर संघराज्याचा उत्सव झाला. पाऊस कोसळत होता, तरी लाखो लोक हजर. गोसेकचं 'ते देउम' हे ईश्वरस्तुतीचं स्तोत्र वाजलं. अशा जागी व्हायोलिनचा आवाज पाच पावलांवर मरतो. म्हणून सगळा भार फुंकवाद्यांवर, पितळी वाद्यांवर आणि नगाऱ्यांवर आला. चाली रुंद झाल्या, लय संथ, आणि शब्द असे की समूहाला गाता यावेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नान्सीला मारल्या गेलेल्या सैनिकांसाठी गोसेकने शोकयात्रेचं संगीत लिहिलं. त्यात टॅम-टॅमचा, म्हणजे मोठ्या काशाच्या घंटेचा, एकेक ठोका आणि मध्ये लांब शांतता. क्रांतीतला नेता मिराबो याच्या अंत्ययात्रेत, एप्रिल 1791 मध्ये, तेच वाजलं. जुलै 1791 मध्ये व्हॉल्तेरच्या अस्थी पाँथेओं या राष्ट्रीय स्मारकात नेल्या तेव्हा तर रोममधल्या त्राजानच्या स्तंभावरची चित्रं बघून वाकड्या तुताऱ्या नव्याने बनवून घेतल्या.

8 जून 1794 ला परमतत्त्वाचा उत्सव झाला, म्हणजे चर्चच्या जागी क्रांतीने आणलेल्या नव्या ईश्वराचा. त्याच्या आधी संगीतकारांना पॅरिसच्या निरनिराळ्या वस्त्यांत पाठवलं होतं, लोकांना स्तोत्र शिकवायला. दहशतीचा प्रमुख नेता रोबेस्पिएर याचं राजकारण बाजूला ठेवा (सहा-सात आठवड्यांत तो स्वतःच गिलोटिनखाली गेला), पण प्रसिद्ध संगीतकार भाजीवाल्या-लोहारांकडून गाणं बसवून घेतायत हे दृश्य युरोपात नवीन होतं.

यातली बरीच स्तोत्रं आज ऐकवत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एकाच तालात, एकाच स्वरात ओरडल्यासारखी. पण धागा सोडू नका. गोसेकने 1760 मध्येच आपल्या 'रेक्विएम'मध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात) अंतिम न्यायाच्या तुतारीसाठी वादकांचा एक गट लांब, नजरेआड बसवला होता, आणि श्रोते दचकले होते. क्रांतीच्या मैदानांनी ही युक्ती मोठी केली. जुलै 1800 मध्ये लेझँव्हालीदच्या चर्चमध्ये मेयुलने तीन वाद्यवृंद वेगवेगळ्या जागी उभे केले. सप्टेंबरमध्ये तिथेच लस्युरने चार केले. या लस्युरचा शिष्य बर्लिओझ. 1837 मध्ये त्याच्या 'रेक्विएम'मध्ये चार कोपऱ्यांतून पितळी वाद्यं गर्जली ती याच लेझँव्हालीदमध्ये. 'बर्लिओझची विलक्षण कल्पना' म्हणून जिचं कौतुक होतं तिचा वंशवृक्ष असा 77 वर्षं मागे जातो.

'ला मार्सेयेझ' मार्सेयमध्ये लिहिली का?

नाही, स्ट्रासबुर्गला. ऑस्ट्रियाशी युद्ध जाहीर झाल्यावर महापौर दित्रिकने सुचवलं म्हणून रूजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने 25-26 एप्रिल 1792 च्या रात्री ती रचली. नाव होतं 'ऱ्हाइन सैन्याचं युद्धगीत'. मार्सेयहून पॅरिसला चालत आलेले स्वयंसैनिक ती वाटभर गात आले, आणि त्यांचं नाव तिला चिकटलं. रूजे द लील राजेशाहीला मानणारा होता आणि दहशतीत तुरुंगात गेला. दित्रिक गिलोटिनवर गेला. 14 जुलै 1795 ला ते राष्ट्रीय गीत ठरलं, नेपोलियनच्या आणि राजांच्या काळात बाजूला पडलं, 1879 मध्ये कायमचं परत आलं.

गाण्यांवरून थिएटरांत मारामाऱ्याही होत. ग्रेत्रीच्या 1784 मधल्या 'रिशार केर-द-लियों'मधलं 'हे रिशार, हे माझ्या राजा' हे गीत 1 ऑक्टोबर 1789 ला व्हर्सायच्या मेजवानीत राजाच्या अंगरक्षकांनी गायलं. ती बातमी पॅरिसला पोचली आणि चार दिवसांत बायकांचा मोर्चा व्हर्सायवर चालून गेला. कारण भाकरीचं होतं, पण या गाण्याने तेल ओतलं. 1795 मध्ये याकोबिनांविरुद्धचं (रोबेस्पिएरच्या जहाल गटाविरुद्धचं) 'रेव्हेय द्यु पप्ल' हे गाणं गाजलं आणि मार्सेयेझ गाणाऱ्यांशी त्याची रोज जुंपू लागली. शेवटी जानेवारी 1796 मध्ये सरकारने फर्मान काढलं: पडदा वर जाण्यापूर्वी देशभक्तीची ठरलेली गाणी वाजलीच पाहिजेत, आणि 'रेव्हेय' बंद.

कॉन्सर्व्हात्वार, म्हणजे पॅरिसची सरकारी संगीतशाळा, कशासाठी काढलं?

याआधी गाणं-वाजवणं शिकायची मुख्य जागा कॅथेड्रलची गायनशाळा होती. मुलगा आठव्या वर्षी आत जाई, गायन, ऑर्गन, स्वररचना शिकून बाहेर पडे. गोसेक, ग्रेत्री, लस्युर, बोआल्दिए सगळे चर्चच्या गायनशाळांतून आलेले. क्रांतीने चर्चची मालमत्ता जप्त केली आणि या शाळा एका फटक्यात संपल्या. देशभरातली शिक्षणाची व्यवस्थाच गेली. क्रांतीने संगीताचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते हे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पोकळी भरली बेर्नार सारेत या तरुणाने. तो संगीतकार नव्हता, राष्ट्रीय संरक्षक दलातला अधिकारी होता. 1789 मध्ये त्याने वादक गोळा करून दलाचा बँड उभा केला, त्याची शाळा केली, आणि 3 ऑगस्ट 1795 च्या कायद्याने तिचं कॉन्सर्व्हात्वार झालं. 115 कलावंत, 600 विद्यार्थी, मुलगे आणि मुली दोन्ही, फी नाही. निरीक्षक म्हणून गोसेक, ग्रेत्री, मेयुल, लस्युर आणि केरुबिनी.

इथल्या प्राध्यापकांनी प्रत्येक वाद्यासाठी छापील पद्धती तयार केली. बायो, रोद आणि क्रॉइत्झर यांची व्हायोलिनची पद्धती 1803 मध्ये आली, लुई आदांची पियानोची 1804 मध्ये. गुरूच्या घरी राहून शिकण्याऐवजी पुस्तक, वर्ग, परीक्षा, बक्षीस. पुढे जगभर निघालेल्या कितीतरी संगीतशाळांचा हा आराखडा. (क्रॉइत्झर म्हणजे ज्याला बेथोव्हेनने ती प्रसिद्ध सोनाटा अर्पण केली तोच. त्याने ती कधी जाहीरपणे वाजवली नाही.)

या सगळ्यात स्त्रिया कुठे होत्या?

गायिका म्हणून आघाडीला, बाकी ठिकाणी अर्ध्या उघड्या दारात. एलेन द मोंजेरूचं उदाहरण बोलकं आहे. ती सरदारघराण्यातली. दहशतीच्या न्यायासनापुढे पियानोवर मार्सेयेझ फुलवून तिने जीव वाचवला अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, 1795 मध्ये कॉन्सर्व्हात्वारने तिला मुलग्यांच्या वर्गाची पियानोची प्राध्यापक नेमलं हे पक्कं. तिने लिहिलेले 114 एत्यूद (सरावाच्या छोट्या रचना) ऐकले की काही जागी शुमन किंवा शोपँ आधीच येऊन गेल्यासारखे वाटतात. ज्युली कांदेयने 1792 मध्ये 'कातरीन' हे संगीतनाटक लिहिलं, त्याचं संगीत केलं, नायिकाही तीच. प्री द रोम हे रचनाकारांसाठीचं पारितोषिक 1803 पासून संगीतासाठी सुरू झालं, पण स्त्रियांना स्पर्धेत उतरायला पुढचं शतक उजाडावं लागलं.

'सुटकेचे ऑपेरे' ही काय भानगड आहे?

13 जानेवारी 1791 च्या कायद्याने थिएटरांचा मक्ता मोडला: कुणीही थिएटर काढावं. त्याच कायद्याने नाटककारांना आणि 1793 च्या कायद्याने संगीतकारांनाही आपल्या कृतीवर हक्क मिळाला, हयातभर आणि मृत्यूनंतर वारसांना आधी 5, 1793 पासून 10 वर्षं. पॅरिसमध्ये थिएटरांचं पीक आलं. त्यातल्या फेदो थिएटरात तुरुंग, अन्याय, शेवटच्या क्षणी सुटका अशा कथा चालू लागल्या. रोज कुणी ना कुणी तुरुंगात जाण्याचा काळ होता, प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नव्हती. केरुबिनीची 'लोदोइस्का' 1791 ची, 'ले दे जुर्ने' 1800 ची. दुसऱ्यात पाणी वाहणारा गरीब माणूस सरदाराला पिंपात लपवून शहराबाहेर काढतो.

1798 मध्ये फेदोला 'लेओनोर' झाली. पुरुषवेशात तुरुंगात शिरून नवऱ्याला सोडवणारी बायको. संगीत पिएर गाव्होचं, म्हणजे 'रेव्हेय द्यु पप्ल'ची चाल बांधणाऱ्याचं. नवऱ्याची भूमिकाही त्यानेच गायली. हीच कथा बेथोव्हेनने उचलली. त्याचा ऑपेरा, आज आपण ज्याला 'फिदेलिओ' म्हणतो तो, 20 नोव्हेंबर 1805 ला व्हिएन्नात आला, तेव्हा शहर नेपोलियनच्या ताब्यात होतं आणि प्रेक्षकांत फ्रेंच अधिकारी बसले होते.

माझ्या मते या पिढीतला सर्वांत दुर्लक्षित माणूस एत्येन मेयुल. 'युताल'मध्ये (1806) त्याने व्हायोलिन पूर्ण काढून टाकले, स्कॉटलंडच्या धुक्याचा रंग यावा म्हणून. त्याची 'जी मायनर' स्वरातली सिंफनी 1838 मध्ये शुमनने ऐकली आणि बेथोव्हेनच्या पाचवीशी तिचं साम्य त्याच्या नजरेत भरलं. दोन्ही जवळपास एकाच वेळी लिहिलेल्या.

नेपोलियनला संगीत कळत होतं का?

इटालियन चाली आवडत, मोठा आवाज आवडत नसे. निदान खासगीत. पाइसिएलोला त्याने 1802 मध्ये नेपल्सहून आणवलं. 24 डिसेंबर 1800 ला हायडनचं 'क्रिएशन' ऐकायला ऑपेराकडे निघाला असताना वाटेत त्याच्यावर बाँब फुटला. तो वाचला आणि कार्यक्रमालाही जाऊन बसला. 1807 मध्ये त्याने पॅरिसची थिएटरं आठवर आणली, म्हणजे 1791 चं स्वातंत्र्य संपलं. त्याच वर्षी स्पोंतिनीची 'ला व्हेस्ताल' आली, आणि 1809 मध्ये 'फेर्नां कोर्तेझ', रंगमंचावर खऱ्या घोड्यांसकट. पुढच्या भव्य फ्रेंच ऑपेराची ही पहिली पायरी.

वाद्यं बदलली का?

खूप. सेबास्तियां एरारने 1777 मध्ये पियानो बनवायला सुरुवात केली. क्रांतीत तो लंडनला गेला, आणि 1821 मध्ये त्याच्या कारखान्याने अशी रचना काढली की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच स्वर पुन्हा वाजवता यावा. लिस्टची बोटं त्याशिवाय कशी धावली असती! हायडनचा शिष्य प्लेयेल याने 1807 मध्ये पियानोचा कारखाना काढला. शोपँ पुढे त्याच पियानोंवर रमला. व्हायोलिनचा आजचा आत वळलेला गज पॅरिसच्या फ्राँस्वा तूर्तने पक्का केला, आणि 1782 मध्ये पॅरिस जिंकणाऱ्या व्हायोलिनवादक व्हियोत्तीची लांब, गाणारी शैली त्या गजावर फुलली.

आपल्या घरच्या पेटीचं एक मूळही इथेच आहे. 1810 मध्ये ग्रनिये नावाच्या कारागिराने पॅरिसमध्ये असा छोटा ऑर्गन बनवला की भात्याचा दाब कमी-जास्त करून आवाज लहान-मोठा करता येईल. आत धातूच्या मोकळ्या पट्ट्या. त्याच दिशेने जात दबेंने 1842 मध्ये 'हार्मोनियम' या नावाचं पेटंट घेतलं. संगीत नाटकातला पायांनी भाता मारायचा ऑर्गन आणि कीर्तनातली पेटी दोन्ही याच कुळातली.

बेथोव्हेन पॅरिसला कधी पोचला?

कॉन्सर्व्हात्वारच्या विद्यार्थ्यांनी पहिली सिंफनी बरीच आधी वाजवली होती. पण खरा स्फोट 9 मार्च 1828 ला झाला. व्हायोलिनवादक आबनेकने कॉन्सर्व्हात्वारच्या वादकांची संस्था उभी केली आणि पहिल्याच कार्यक्रमात बेथोव्हेनची तिसरी सिंफनी, 'एरोइका', ठेवली. हातात काठी नाही, व्हायोलिनचा गज. महिनोन्महिने तालीम झाली होती, आणि श्रोतेही चर्चमध्ये बसल्यासारखे ऐकत होते.

बर्लिओझ आपल्या आठवणींत सांगतो की त्याने म्हाताऱ्या लस्युरला पाचवी सिंफनी ऐकायला ओढत नेलं. बाहेर आल्यावर लस्युर इतका हादरला होता की टोपी घालताना डोकं सापडेना. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, असं संगीत लिहू नये. बर्लिओझचं उत्तर: काळजी नको गुरुजी, असं फारसं कुणी लिहिणार नाही.

मग रोमँटिक काळ नक्की सुरू कधी झाला?

तारीख मागाल तर हात वर. 1824 मध्ये वेबरच्या 'फ्रायशुत्झ'चं मोडतोड केलेलं फ्रेंच रूप गाजलं. सप्टेंबर 1827 मध्ये इंग्रज नटांनी ओदेओं थिएटरात शेक्सपिअर केला, आणि ओफेलिया झालेल्या हॅरिएट स्मिथसनने बर्लिओझची झोप उडवली. फेब्रुवारी 1828 मध्ये ओबेरची 'ला म्युएत द पोर्तिची' आली: नायिका मुकी, शेवटी व्हेसुव्हियसचा उद्रेक. 25 ऑगस्ट 1830 ला ब्रुसेल्समध्ये तिचा प्रयोग पाहून उठलेले लोक रस्त्यावर उतरले आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याची ठिणगी पडली. रोसिनीचा 'गियोम तेल' ऑगस्ट 1829 चा. गोसेक तेव्हा नुकताच गेला होता.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

कालक्रमाने नको, कंटाळाल. आधी मेयुलची 'जी मायनर' सिंफनी, मग हायडनची 85 क्रमांकाची, मारी आंत्वानेतची आवडती. ग्लुकच्या 'इफिजेनी आँ तोरिद'चा फक्त पहिला प्रवेश, तिथे वादळ नायिकेच्या मनातलं की बाहेरचं हे कळत नाही. मोंजेरूचे तीन-चार एत्यूद रात्री. गोसेकच्या 'रेक्विएम'मधलं 'तुबा मिरुम' (अंतिम न्यायाच्या तुतारीचं कडवं) आणि बर्लिओझच्या 'रेक्विएम'मधलं तेच कडवं लागोपाठ लावा, आवाज पुरेसा मोठा ठेवा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.